वैर जुने नव्हे, पेरलेले

सीरियाच्या किनारपट्टीवर मार्च २०२५ मध्ये झालेल्या अलवींच्या (शिया परंपरेतून निघालेला एक पंथ) हत्याकांडावरील लेख (रविवार पुरवणी) वाचला. शिया-सुन्नींचे ‘चौदाशे वर्षांचे वैर’ हे त्याचे मूळ असल्याचे लेखकाचे म्हणणे पटले नाही. याच काळात हे समाज शेजारी म्हणूनही नांदले. बगदादमध्ये शिया-सुन्नी सोयरिकी नवलाच्या नव्हत्या. गेल्या दोन दशकांत माध्यमांची भाषा किती बदलली, याचा लेखात उल्लेखही नाही.

इराक युद्धानंतर, आणि २०११ पासून अधिकच, काही अरबी उपग्रह वाहिन्यांवर शियांना ‘राफिदी’ (नाकारणारे) आणि अलवींना ‘नुसैरी’ (पंथाचे जुने, आता हेटाळणीचे नाव) म्हणून हिणवणे नित्याचे झाले. दुसरी बाजूही निर्दोष नव्हती. सीरियातील असद सरकार व त्याची पाठराखण करणाऱ्या लेबनॉनमधील हिजबुल्ला या शिया संघटनेची माध्यमे सुन्नी विरोधकांना सर्रास ‘तकफिरी’ (इतर मुस्लिमांना काफिर ठरवणारे) ठरवत होती.

याचा परिणाम इजिप्तमध्ये दिसला. १५ जून २०१३ रोजी कैरोच्या स्टेडियममधील सभेत, राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांच्या उपस्थितीत, धर्मोपदेशकांनी शियांना अपवित्र म्हटले. मोर्सी गप्प राहिले. आठच दिवसांनी गिझाजवळच्या अबू मुसल्लम गावात जमावाने एका घराला वेढा घातला आणि चार शियांना ठेचून मारले. त्या जमावात गावचेच लोक होते. त्यांचा संताप सातव्या शतकातून आलेला नव्हता.

अशा घटनांवर लिहिताना कोणत्या व्यासपीठावरून कोण काय बोलत होते, हेही आपल्या वृत्तपत्राने वाचकांना सांगावे, ही विनंती.

— एक वाचक, कोल्हापूर