वेल्ह्याच्या जमिनीबद्दल, आई-बाबांना

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर बाबा म्हणाले की गावाकडं एवढं रान पडलंय आणि तू डोंगरात कशाला पैसे घालतेस, मग आईने फोन घेऊन जेवलीस का विचारलं आणि मेन बोलणं राहूनच गेलं. म्हणून लिहून पाठवतेय, सावकाश वाचा.

पहिलं म्हणजे गावचं रान विकायचा विषयच नाही. दादाचं आणि माझं तसं स्पष्ट बोलणं झालंय. हे पैसे माझ्या एफडीचे आहेत, त्यामुळे बाबा, तेवढं टेन्शन मनातून काढून टाका.

जमीन वेल्ह्याच्या बाजूला आहे, पुण्याहून नसरापूरवरून आत वळायचं. तोरणा, राजगड, गुंजवणीचं धरण सगळं आसपासच, त्यामुळे शनिवार-रविवार ट्रेकवाल्यांच्या गाड्याच गाड्या असतात आणि एजंटपण तेवढेच. एकाने वर उतारावरचा प्लॉट दाखवला. समोर अख्खा तोरणा, खाली धरणाचं पाणी, मैत्रिणी तर म्हणाल्या डोळे झाकून घे. पण मागे जेसीबीने डोंगर उभा कापून सपाटी केलेली आणि कापलेल्या मातीतून पाणी झिरपत होतं, ते बघितलं आणि मला माळीण आठवलं. 30 जुलै 2014, इथल्याच पुणे जिल्ह्यात, अख्खं गाव सकाळी मातीखाली गेलं, दीडशेवर माणसं गेली. अशा कापलेल्या उताराखाली मी तुम्हाला एक रात्रसुद्धा झोपवणार नाही. शिवाय प्लॉट 11 गुंठ्यांचा, आणि जिरायत जमीन 20 गुंठ्यांच्या आत वेगळी होत नाही, म्हणून एका सातबारावर दहा-बारा जणांची नावं सामाईकात घालून विकतात. उद्या बांधावरून वाद झाला तर आपला तुकडा कुठला हे कोण दाखवणार? मी सरळ नाही म्हटलं.

मला आवडलीय ती खालची जमीन. 22 गुंठे, एका कडेला भाताची दोन खाचरं, बाकी मुरमाड. व्ह्यू काही नाही, समोर आंब्याची झाडं आणि शेजाऱ्यांचा गोठा. पण नकाशावरचा रस्ता थेट जमिनीपर्यंत येतो, कुणाच्या बांधावरून जावं लागत नाही. आणि विहीर आहे. इकडं पावसाळ्यात धो धो कोसळतो पण कातळावरून सगळं पाणी वाहून जातं आणि उन्हाळ्यात वाड्या-वस्त्यांवर टँकर, म्हणून मी मुद्दाम मेमध्ये जाऊन बघितलं. तळाला दोन परस, म्हणजे दोन माणसं बुडतील एवढं पाणी होतं. शेजारच्या आजी म्हणाल्या तळ कधी बघितला नाही, तरी पंप लावून उपसा किती टिकतो ते बाबा तुम्हीच ठरवा.

कागद वकिलांकडे दिलेत. भोगवटादार वर्ग 1 आहे, म्हणजे विकायला सरकारी परवानगी लागत नाही, सातबाराच्या इतर हक्कात कर्जाचा बोजा नाही, कुळाचं नाव नाही. 30 वर्षांचा सर्च, म्हणजे मागच्या व्यवहारांची नोंद, आणि जुने फेरफार ते काढतायत, खाजगी वन किंवा धरणग्रस्तांसाठीचा शेरा कुठे आहे का तेही बघतायत, कारण या पट्ट्यात ते निघू शकतं. सरकारी मोजणी होऊन हद्दीचे दगड डोळ्यांनी दिसल्याशिवाय मी खरेदीखत करणार नाही. विसारसुद्धा अजून दिलेला नाही.

खरं कारण सांगू का? तुम्ही दोघं माझ्याकडे कोथरूडला येता आणि आठ दिवसांत बाबा गॅलरीत येरझाऱ्या घालायला लागतात, आई म्हणते गुरांचं कसं होत असेल. मला तुम्ही जास्त दिवस माझ्याजवळ हवे आहात, आणि बाबांना माती लागते हे मला लहानपणापासून माहितीय. पुण्यातलं माझं ऑफिस सुटणार नाही, पण शुक्रवारी रात्री येऊन सोमवारी पहाटे निघता येईल. घर लगेच नाही बांधणार, आधी एक पत्र्याची शेड आणि संडास-बाथरूम, आईच्या गुडघ्यांसाठी कमोडच बसवायचा. खाचरात इंद्रायणी लावू. आपल्या कमी पावसाच्या खटावात कधी लावता आली नाही, बाबांची किती इच्छा होती.

म्हणून पुढच्या रविवारी दोघं या. शेतकरी असल्याच्या पुराव्याला बाबांच्या नावचा सातबारा आणि 8अ, म्हणजे खातेउतारा लागेल, तलाठ्याकडून सहीशिक्क्याची नक्कल घेऊन या. साताऱ्याहून साध्या एसटीने निघा, नसरापूर फाट्याला थांबते का ते कंडक्टरला आधी विचारा, स्वारगेटपर्यंत उगाच जाऊ नका. मी गाडी घेऊन फाट्यावर थांबते. माती बघून बाबा नको म्हणाले तर नाही घ्यायची, मी खरंच ऐकेन.

तुमची,
ताई