जुने रंधा मशीन दुरुस्त करताना

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

भंगारात निघालेली लाकूडकामाची जुनी बिडाची यंत्रे विकत घेऊन ती घरच्या कार्यशाळेत पुन्हा चालती करणारी मंडळी मूळ रूप जसेच्या तसे राखण्याबद्दल फार आग्रही असतात. मीही त्यांच्यातलाच आहे, आणि म्हणूनच या आग्रहाला एक अपवाद करावा असे सुचवण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

रंधा मशीनमध्ये दोन टेबलांच्या मधल्या फटीत पाती फिरतात आणि त्यांवरून लाकूड सरकवून सपाट केले जाते. मी किलोच्या भावाने घेतलेल्या अशा मशीनच्या टेबलांवरील गंज डिझेल आणि पॉलिश पेपरने दोन रविवारांत निघाला. व्हाइट मेटलची (मऊ मिश्रधातूची) बेअरिंगे इतकी शाबूत होती की ती काढून बॉल बेअरिंगे बसवण्याचा मिस्त्रींचा सल्ला मी मानला नाही. परंतु पाती धरणारा कटर ब्लॉक चौकोनी होता, आणि खरी अडचण तिथेच होती. अशा ब्लॉकची बाजू 100 मिमी धरली, तर केंद्रापासून त्याचा सपाट पृष्ठभाग 50 मिमीवर आणि कोपरा सुमारे 71 मिमीवर येतो. म्हणजे प्रत्येक फेऱ्यात चार वेळा 20 मिमीहून खोल पोकळी टेबलांच्या फटीखालून जाते, आणि मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या वेगात ती डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. गोल ब्लॉकवर बोट टेकले तरी जखम होतेच, पण चौकोनी ब्लॉक बोट आत ओढतो आणि पेरच घेऊन जातो. हाताने लाकूड सरकवण्याच्या रंधा मशीनवर असा ब्लॉक वापरण्यास इंग्लंडमध्ये 1922 च्या नियमांनीच मनाई केली होती. आपल्याकडे कारखान्यांना सुरक्षेचे नियम आहेत. घरच्या कार्यशाळेत तपासणीला कोणी येत नाही.

येथील उद्यमनगरातील एका लेथवाल्याकडून मी ईएन-8 या प्रतीच्या पोलादाचा गोल ब्लॉक करून घेतला, तो बॅलन्स करून घेतला आणि नंतरच पाती चढवली. त्याला यंत्राच्या किमतीपेक्षा जास्त खर्च आला, हे कबूल करतो.

दुसरी गोष्ट विजेची. साध्या बटणावर चालणारे यंत्र वीज गेली की थांबते आणि वीज परत आली की कोणी हात न लावता सुरू होते. वारंवार वीज जाणाऱ्या आपल्या भागात याचा अर्थ वेगळा सांगायला नको. कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज गेली की आपोआप सुटणारा विद्युतचुंबकी स्विच, असलेला स्टार्टर बसवल्यास हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटर फिरत नाही. जुन्या रंगात शिसे असण्याची शक्यता असल्याने तो कोरडा घासू नये, ओला करून खरवडावा.

काढलेला चौकोनी ब्लॉक ‘मूळ सुटा भाग’ म्हणून कोणी विकू नये, अशी विनंती आहे. माझा ब्लॉक मी गॅस कटरने दोन तुकडे करूनच भंगारवाल्याला परत दिला.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर