पणजी दोन तासांत?

पणजी,
आषाढातला रविवार

प्रिय मध्या,

"पणजी काय, दोन तासांत बघून होते," असं म्हणून तू निघून गेलास. तेव्हा गिळलं. आज बाहेर धो धो पाऊस आहे, म्हणून सावकाश उत्तर देतो.

मांडवीकाठचा आदिलशाही वाडा तू गाडीतूनच पाहिलास. अरे, युसुफ आदिलशहाचा तो राजवाडा! १५१० मध्ये पोर्तुगिजांकडे गेला, १७५९ पासून तिथं व्हाइसरॉय राहू लागले, आणि मुक्तीनंतर २००० पर्यंत आपले आमदार तिथंच भांडले. प्रत्येकाने आपल्या सोयीची मोडतोड केली. मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही. राबता राहिला म्हणून तर वाडा उभा राहिला. शेजारी संमोहनविद्येतला आपला गोव्याचा पाद्री, आबे फारिया, पुतळ्यात एका बाईला संमोहित करतोय. रात्री एकट्याने जाताना त्या पुतळ्याला अजूनही दचकतो मी.

राजधानी म्हणून पणजीवर शिक्का बसला १८४३ मध्ये, पण त्याआधीच एका व्हाइसरॉयने दलदल बुजवून सरळ रस्ते आखले आणि लष्करासाठी लांबलचक इमारत बांधली. तिच्यात आता पोलीस मुख्यालय आहे. तिच्याच एका टोकाला, मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनात, भिंतभर निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत, १९३५ च्या. वास्को द गामाची सफर. चित्रं देखणी, पण पाहुण्याचा थाट असा की घर आपलं होतं हेच विसरायला व्हावं.

आणि शिंपल्यांच्या खिडक्या! काचेऐवजी लाकडी पट्ट्यांत शिंपल्याचे पातळ चौकोन बसवलेले. परवा एक सुतार अशी खिडकी दुरुस्त करत होता, त्याने एक तुकडा माझ्या हातावर ठेवला. अभ्रकासारखा. मागे बोट धरलं तर सावली दिसते, बोट दिसत नाही. बाहेरचं रणरणतं ऊन आत येतं ते दुधासारखं होऊन.

बरं, आजोळच्या घराला सिमेंटचा गिलावा करणार होतास ना? थांब. जांभ्याचा चिरा पाणी पितो आणि सोडतो. चुन्याचा गिलावा त्याला सोडू देतो, सिमेंट अडवतं. इथल्या एका जुन्या इमारतीला (नाव नको) सिमेंट थापलंय. दर पावसाळ्यानंतर पापुद्रे सुटतात आणि शिव्या खातो पाऊस.

गवंड्याला बयाणा दिला नसशील तर आधी इकडे ये. चुन्यात हात मुरलेला एक म्हातारा मेस्त्री हेरून ठेवलाय. तिरसट आहे, तुझं जमेल.

तुझा,
दत्ता