मंडईत मला पुढे उभं करणाऱ्या आजींना

आजी,

हे पत्र मराठीत लिहितेय, म्हणजे तुम्हाला ते वाचता येणार नाही. माझा मुलगा तुम्हाला चिनीतून सांगेल, त्याची चिनी आता माझ्यापेक्षा कितीतरी पुढे गेलीय. पण तुमच्याबद्दल आधी माझ्या माणसांना सांगावंसं वाटलं. परवा रविवारी त्याचे वर्गमित्र आपल्या इमारतीत जेवायला आले होते, सगळी शांघायची पोरं. होंगशाओरौचं, म्हणजे सोया सॉसमध्ये मंद शिजवलेल्या डुकराच्या मटणाचं, पातेलं मधोमध ठेवलं. शेवटी एक पोरगा उरलेला रस्सा भातावर निपटून घेत म्हणाला, आमच्या आजीच्या हातचं असंच असतं. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत गेले आणि डोळे पुसून आले. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक, आजी खालच्या मजल्यावरच राहते.

मी वसईची. आमच्या ख्रिस्ती घरांत डुकराच्या मटणाचं नवल नाही. नाताळला इंद्याल, म्हणजे आमचं डुकराचं आंबट-तिखट मटण, हवंच, त्यात घरचा मसाला आणि व्हिनेगर. त्यामुळे शाळेच्या कॅन्टीनमधलं ते लालसर, गोडसर, चकाकणारं मटण घरी कर म्हणून पोरगा मागे लागला, तेव्हा मला त्यात अवघड काही वाटलं नाही. सामान तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. रंगाला गडद सोया सॉस, खारटपणाला पातळ सोया सॉस, शाओशिंगची तांदळाची दारू, खडीसाखर, आलं, पातीचा कांदा, एखादं चक्रीफूल. रंग यायचा, वास यायचा, आणि मटण मात्र कोरडं, वातड. पोरगा गुपचूप रस्सा खायचा आणि तुकडे ताटाच्या कडेला लावायचा. परक्या गावात नव्याने आलेल्या बाईला तेवढंही पुरतं रडायला.

मदत मागितली नाही असं नाही. इथल्या आपल्या मंडळींच्या ग्रुपवर विचारलं. तिथे हसरे चेहरे आले, आणि "चीनला जाऊन काय काय खायला लागलात" असा एक टोमणा. अहो, आम्ही हे पिढ्यान्‌पिढ्या खातोय, चीनला यायची वाट नव्हतो बघत! मग पैसे भरून एका क्लासला गेले. परदेशी बायकांसाठीचा क्लास, सुंदर ओटा, सुंदर ॲप्रन. मटण आधीच कापून, उकळून, वाटीत मोजून ठेवलेलं. सू तुंगपोची गोष्ट मात्र रंगवून सांगितली: सोंग काळातला कवी, राजदरबाराच्या रोषामुळे 1080 साली हुआंगचौला हद्दपार होऊन आला. तिथे डुकराचं मटण मातीमोल. श्रीमंत खायचे नाहीत आणि गरिबांना शिजवायचं कसं ते माहीत नव्हतं. त्याने थोडं पाणी आणि मंद आच यांवर कविताच लिहिली, आणि त्याच्या नावाचं मटण आजही इथून तासाभरावरच्या हांगचौमध्ये खायला मिळतं. गोष्ट छानच आहे. पण मंडईत जाऊन नेमकं काय मागायचं, असं मी विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, सुपरमार्केटचं पाकीट घ्या. शेवटी सगळ्यांचे फोटो काढले आणि सर्टिफिकेट दिलं. ते कपाटात आहे.

तुम्हाला कुणी बोलावलं नव्हतं. जिन्यात चक्रीफुलाचा वास आला म्हणून तुम्ही वर आलात, झाकण उचललंत, एका तुकड्यात चॉपस्टिक खुपसून पाहिलीत. ती आत जाईना. तुम्ही नाक मुरडलं नाहीत, हसला नाहीत, गॅसकडे तर पाहिलंही नाहीत. मटणाकडे बोट दाखवून मान हलवलीत आणि खाली गेलात. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दार वाजलं. बाहेर तुम्ही, हातात ती चाकांची पिशवी.

मंडईतला खाटीक तोच, ज्याच्याकडून मी नेहमी घ्यायचे. मला बघून त्याने सवयीने चरबी नसलेला लाल गोळा पुढे सरकवला. परदेशी बाईला हेच लागतं, असा त्याचा हिशेब. आणि मग तुम्ही जे केलंत त्यासाठी हे पत्र आहे. तुमचा नंबर आला होता. तुम्ही माझं कोपर धरलंत, मला तुमच्या जागी पुढे उभं केलंत आणि स्वतः माझ्या मागे गेलात. मागूनच त्याच्याशी शांघायच्या बोलीत काहीतरी बोललात. मला फक्त आपल्या इमारतीचा नंबर कळला. त्याने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. लाल गोळा मागे गेला, पोटाकडचा लांब पट्टा आला. तुम्ही खांद्यावरून हात घालून त्यातले थर बोटाने दाखवलेत: कातडी, चरबी, मटण, पुन्हा चरबी, पुन्हा मटण. याला वूहुआरौ म्हणतात, हे मी त्या दिवशी शिकले. दोन चिन, म्हणजे आपलं एक किलो. तुमचं स्वतःचं मटण तुम्ही माझ्यानंतर घेतलंत.

आता कळतं की सगळी गोम तिथेच होती. तास-दीड तास मंद आचेवर शिजायचं तर कातडी हवी, ती विरघळून रश्शाला चिकटपणा देते. आणि मधे चरबीचे थर हवेत, म्हणजे मटण सुकत नाही. नुसत्या लाल मटणावर कितीही कविता वाचा, ते वातडच होणार. पुढचं तुम्ही माझ्या ओट्यापाशी उभं राहून शिकवलंत ते इथे लिहीत बसत नाही. एवढंच, की मधे पाणी घालायची वेळ आली आणि मी नळाकडे वळले तेव्हा तुम्ही माझ्या मनगटावर चापट मारलीत आणि किटलीतलं उकळतं पाणी घातलंत. माझी आई अशीच मारायची. आणि तुमच्या शाओशिंगच्या माहेरची ती वाळवलेली, काळपट, आंबूस मोहरीची भाजी, मेइगानत्साय, तुम्ही मूठभर टाकलीत. शांघायवाले उकडलेली अंडी घालतात, तेही चांगलं लागतं, पण माझ्या घरात आता ती भाजीच पडते. चरबी पिऊन ती अशी काही होते की पोरगा मटणाआधी तीच शोधतो.

पाककृती कुणीही देतं, आजी. आमच्याकडेही देतात, एखादी गोष्ट हळूच गाळून. पण आपला खाटीक? वसईत नाताळच्या तोंडावर सख्ख्या जावेलासुद्धा बायका आपला खाटीक सांगत नाहीत! तुम्ही एका अनोळखी, धड दोन वाक्यं न बोलता येणाऱ्या बाईला तुमची ओळख वापरू दिलीत, तिच्या नावाने शब्द टाकलात. वर त्याचा उच्चारही नंतर कधी केला नाहीत. अशी माणसं सगळीकडे असतात म्हणे. असतील. पण ग्रुपवर हसणाऱ्यांपेक्षा ती कमी दिसतात, कारण ती सकाळी लवकर उठून मंडईत गेलेली असतात. तुमच्या वयाच्या बायका त्या गर्दीत कोपराने जागा करून घेतात, हे मी रोज बघते. त्याच कोपरांनी तुम्ही मला जागा करून दिलीत.

तो खाटीक आता मला बघितलं की विचारत नाही, पट्टाच काढतो. मागच्या आठवड्यात त्याने विचारलं, खालच्या आजी का आल्या नाहीत? मी माझ्या मोडक्यातोडक्या चिनीत सांगितलं की गुडघा दुखतोय, आणि तुमचंही मटण घेऊन आले. त्याने तुमच्यासाठी वेगळा तुकडा निवडला, माझ्यापेक्षा चांगला. त्यावर माझी तक्रार नाही.

या नाताळला इंद्याल करणार आहे. मसाला आईने वसईहून पाठवलाय, व्हिनेगर मात्र इथलंच वापरीन. चन्च्यांगचं काळं नको, साधं पांढरं तांदळाचं. तिखट कमी घालते, तुम्हाला सोसणार नाही हे कळलंय मला. जिना चढू नका, मीच खाली घेऊन येईन. नाही आवडलं तर सरळ सांगा, माझ्या पोराला तुमचा नकार समजतो.

तुमची,
वरच्या मजल्यावरची