सलूनवाल्या दादांना, उधारी सोडून बाकी सगळ्यासाठी थँक्यू

दादा, नमस्कार. हे तुमच्या खुर्चीत बसूनच बोलायला हवं होतं पण तिथे तुम्ही मान धरून ठेवता आणि मागे चार गिऱ्हाईकं वाट बघत असतात, शिवाय आभार मानायला लागलो की तुम्ही लगेच "सर, चहा सांगू का" करून विषय बदलता, म्हणून लिहूनच टाकतोय. कोणी ना कोणी तुम्हाला वाचून दाखवेलच.

तो एप्रिलमधला दिवस तुम्हाला आठवत नसेल. आयपीएल चालू होती, टीव्हीसमोर माझ्याच शाळेतली पाच-सहा पोरं, मला बघून जरा सरकली पण गेली नाहीत. मी दाढीला बसलो होतो. टीव्हीवर 66 रन हवे होते, 7 ओव्हरला 2 बॉल कमी, आणि आपला तो मागच्या बाकावरचा, ज्याला मी आठवड्यापूर्वीच घटक चाचणीत वीसपैकी चार दिले होते, तो पटकन म्हणाला, "ओव्हरला दहाच्या जरा खाली, होतंय." मी फेसासकट मनात हिशोब करतोय, 40 बॉल, 66 भागिले 40 गुणिले 6, 9.9! मला वेळ लागला, त्याला नाही लागला. आणि तुम्ही वस्तरा थांबवून आरशातूनच माझ्याकडे बघत विचारलंत, "सर, हा तुमच्याकडं गणितात नापास कसा काय हो?"

खरं सांगतो, राग आला होता. घरी जाऊन त्याचा पेपर परत काढला. 12 मजूर एक काम 15 दिवसांत करतात तर वगैरे, तो प्रश्न त्याने कोरा सोडला होता. मला स्वतःला तरी त्या मजुरांचं काय पडलं होतं म्हणा.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडे जुनी वर्तमानपत्रं मागायला आलो तेव्हा तुम्ही काही न विचारता आठवड्याचा गठ्ठा सुतळीने बांधून दिलात. तेव्हापासून दर शनिवारी तो गठ्ठा तयार असतो. रद्दीचे पैसे आजपर्यंत घेतले नाहीत ते वेगळंच.

त्यातल्या आकड्यांवरूनच वर्गात गणित घ्यायचं ठरवलं, आणि सुरुवात अर्थातच क्रिकेटने केली. 2011 ची फायनल घेतली, वानखेडेवरची, भारत 277, 48.2 ओव्हर. रनरेट काढा म्हटलं. सगळ्यांनी 277 ला 48.2 ने भागलं आणि 5.75 आलं. तेवढ्यात आपलाच मागच्या बाकावरचा भिडू उठला, "सर चूक आहे, पॉइंट दोन म्हणजे दोन बॉल, दोन दशांश नाही." म्हणजे 290 बॉल, आणि उत्तर 5.73. दशांश अपूर्णांक मी दहा वर्षं शिकवतोय पण 48.2 मधला टिंब दशांशचिन्ह नाहीच हे वर्गात कधी बोललो नव्हतो, कारण मला क्रिकेटचं वेड नाही आणि ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग त्यानेच फळ्यावर नेट रनरेट समजावला, टीम ऑलआउट झाली की खेळलेल्या ओव्हर नाही, पूर्ण कोट्याने भागायचं. ते का, यावर अर्धा तास भांडणं झाली. तास संपल्याची घंटा कोणालाच ऐकू आली नाही.

पण सगळं काही असं छान चाललं नाही हां. मी जरा जास्तच हवेत गेलो आणि एका ट्रेंडिंग गाण्याच्या चालीवर सूत्रं बसवून वर्गात म्हणून दाखवली. पोरांनी माना खाली घातल्या. एकजण हळूच म्हणाला, "सर, हे गाणं जुनं झालं." तो नाद तिथेच सोडला.

आणि मोठी चूक वेगळीच होती. तिसऱ्या आठवड्यात एका मुलीने विचारलं, "सर, ज्यांना क्रिकेट आवडत नाही त्यांनी काय करायचं?" मला उत्तर नव्हतं. ते मी तुमच्याकडे बोललो आणि तुम्ही कात्री चालवता चालवता म्हणालात, "आतलं पान बघा की, बाजारभाव. आपल्याकडं पोरी काय, म्हातारी माणसंपण आधी तेच बघतात."

दादा, मी निफाड तालुक्यात नोकरी करतो, लासलगाव एवढं जवळ, आणि कांद्याचे भाव वर्गात आणायचं मला सुचलं नाही!

पेपरात तीन आकडे असतात, किमान, कमाल आणि सर्वसाधारण. समजा क्विंटलला किमान 500 रुपये, कमाल 2200 आणि सर्वसाधारण 1700. मी विचारलं, 500 आणि 2200 ची सरासरी तर 1350 येते, मग हा 1700 कुठून आला? पेपरवाल्यांचं चुकलं का? वर्ग गप्प. मग तीच मुलगी उठली, तिच्या घरी कांद्याची चाळ आहे, म्हणजे कांदा साठवायची. म्हणाली, "सर, 500 ला एखादी गोल्टीची, म्हणजे बारीक कांद्याची, नाहीतर भिजलेल्या मालाची ट्रॉली जाते, 2200 पण एखाद्यालाच मिळतो, नाव पेपरात येतं. बाकी सगळ्या ट्रॉल्या सतराशेच्या आसपास जातात." मध्य, मध्यक, बहुलक हे तीन शब्द पोरं परीक्षेपुरते पाठ करून विसरतात. त्या दिवशी बहुलक म्हणजे काय हे मला सांगावंच लागलं नाही, फक्त तिने जे सांगितलं त्याला नाव दिलं. नंतर ती म्हणाली की बाबा कमाल भाव ऐकून ट्रॅक्टर भरतात आणि सर्वसाधारण भाव घेऊन परत येतात. वर्ग हसला, ती नाही हसली. मीपण नाही.

पावसाचे आकडेपण केले, 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर 1 लिटर पाणी, त्यावरून शाळेच्या पत्र्यावरचं किती पाणी वाया गेलं ते काढलं. हेडसरांना दाखवलं, टाकी अजून आलेली नाही.

आणि तो सोमवार! तुमचा सुट्टीचा दिवस, आणि तुम्ही शटर उघडून 38 पोरं आत-बाहेर उभी केलीत. गिऱ्हाइकाला मागची मान दाखवता तो छोटा आरसा मोठ्या आरशाशी काटकोनात धरला तर कंगव्याच्या तीन प्रतिमा, 60 अंशाला पाच, पोरांनी कोनमापक लावून मोजल्या आणि 360 ला कोनाने भागून एक वजा करायचं हे त्यांनीच शोधलं. मग समोरासमोरच्या दोन भिंतींवरचे आरसे, न संपणारी रांग, आणि एका पोराचा प्रश्न की लांबची डोकी हिरवट का दिसतात. मला येत नव्हतं. घरी जाऊन शोधलं, साध्या काचेत थोडं लोह असतं, उजेड प्रत्येक फेरीला काचेतून जातो आणि दरवेळी जरासा हिरवा होतो. तुम्ही म्हणालात, "वीस वर्षं बघतोय, मला वाटायचं आरसा जुना झालाय."

पोरांना सलूनमध्ये नेलं म्हणून नंतर एकाने शाळेत तक्रार केली होती. तुम्हाला सांगितलं नव्हतं. निस्तरलं ते.

तुम्ही नेहमी म्हणता मी सातवी नापास, मला काय कळतंय. तुमच्या त्या एका प्रश्नानंतर मी पेपर काढताना आधी स्वतःला विचारतो की हे गणित सुटलं नाही तर कोणाचं काय अडणार आहे. निम्मे प्रश्न तिथेच खोडले जातात.

आपला भिडू या वेळी वीसपैकी अकरा. मजुरांचा प्रश्न त्याने याही वेळी सोडलाय, मुद्दाम सोडला असं म्हणतो. शनिवारी येतोय, गठ्ठा ठेवा, आणि मागच्या दोन दाढ्यांचे पैसे या वेळी घ्यायचे, चहा सांगून विषय बदलायचा नाही.

तुमचा,
गणिताचा सर