भर घाटात मागचं चाक काढून देणाऱ्या काकांना

काका,

सप्रेम नमस्कार.

घाटात पाण्याची बाटली पुढे करणारे भेटतात. ‘थोडंच राहिलंय’ असं खोटं सांगणारे तर वळणावळणावर भेटतात. स्वतःच्या सायकलचं मागचं चाक काढून दुसऱ्याला देणारे मात्र तुम्हीच. वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात मावशी पुन्हा एकदा सायकलवरून उतरल्या, तेव्हा तुम्ही त्यांना तब्येत विचारली नाहीत, व्यायामाबद्दलही काही बोलला नाहीत. वाकून कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या चकत्यांचे, दाते मोजलेत. तिथेच निम्मं काम झालं होतं.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय, कारण मावशींना ती सायकल विकणाऱ्यांनी आणि ‘पाय तयार होतील, सराव करा’ म्हणणाऱ्यांनीही ते वाचावं. त्या सायकलला पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या आणि मागे ११-२८, म्हणजे ११ ते २८ दात्यांची कॅसेट होती. दुकानात त्यांनी हलका गिअर मागितला, तर ‘याला याहून हलकं बसतच नाही’ असं उत्तर मिळालं. मागे लांब पिंजऱ्याचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) डोळ्यांसमोर लटकत होता, तो ३४ दात्यांपर्यंत सहज घेतो. उत्तर देणाऱ्याने मान खाली करून पाहिलं असतं तरी पुरे होतं.

हिशोब सोपा आहे, आणि तो विकणाऱ्यालाच यायला हवा. ७००×२८ टायरचा घेर साधारण २.१३ मीटर. पुढे ३४, मागे २८ असताना पॅडलच्या एका फेरीत सायकल सुमारे २.५९ मीटर पुढे जाते. वाई सुमारे ७०० मीटरवर, पाचगणी १३०० च्या आसपास, मधलं अंतर अकरा-बारा किलोमीटर. म्हणजे सरासरी पाच टक्के चढ. अशा चढाला नवखा माणूस ताशी ८ किलोमीटरने जातो, म्हणजे या गिअरमध्ये मिनिटाला जेमतेम ५२ फेऱ्या. वळणावर वेग ७ वर आला की ४५. एवढ्या संथ फेऱ्यांत प्रत्येक फेरी गुडघ्याने रेटावी लागते, दम पुरत असला तरी मांड्या संपतात. मागे ३४ दाते आले की एका फेरीत २.१३ मीटर, आणि त्याच ८ च्या वेगाला ६३ फेऱ्या. जवळपास १८ टक्के हलकं. माणूस तोच, घाट तोच.

आता तुमच्या ११-३४ च्या चाकाबद्दल. कुणाचंही चाक कुणालाही बसत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं म्हणून तुम्ही आधी चार गोष्टी पाहिल्यात. दोन्ही सायकली ९ स्पीडच्या, म्हणजे मागे नऊ चकत्यांच्या. ८ आणि ९ ची कॅसेट एकाच हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) बसते खरी, पण दात्यांमधलं अंतर वेगळं, गिअर जागेवर पडत नाहीत. दोन्ही हब १३० मिलिमीटर रुंदीचे; १३५ चा हब असता तर फ्रेम फाकवावी लागली असती. दोघींना रिम ब्रेक. आणि तुमची कॅसेट फार झिजलेली नव्हती. झिजलेल्या दात्यांवर मावशींची नवी चेन ऐन जोराच्या वेळी उड्या मारत राहिली असती.

चाक बसवल्यावर तुम्ही बी-स्क्रू (डिरेलर चकत्यांपासून किती लांब राहील ते ठरवणारा) आत घेतलात, गाइड पुली म्हणजे डिरेलरची वरची छोटी चक्री आणि ३४ च्या चकतीत पाच-सहा मिलिमीटर जागा सोडलीत. मग डिरेलरला आत किती जाऊ द्यायचं ते ठरवणारा एल-स्क्रू पाहिलात, कारण हब बदलला की कॅसेट केसभर इकडेतिकडे होते आणि चेन आऱ्यांत जाण्याचा धोका तिथेच असतो. केबलचा ताण जुळवणारा बॅरल पाव फेरी फिरवलात. ब्रेकचे पॅड मध्यावर आणलेत. हे सगळं चांगला मेकॅनिक करतो. त्याबद्दल आभार मानीन, पण पत्र लिहिणार नाही.

पत्र त्यानंतरच्या गोष्टीसाठी आहे. मावशींची चेन मूळच्या मापाने कापलेली होती: ५० अधिक २८, म्हणजे ७८ दात्यांना पुरेल इतकी. आता मागे ३४ होते. त्या दमलेल्या असताना चुकून पुढचा गिअर मोठ्या चकतीवर गेला असता तर ५० अधिक ३४, म्हणजे ८४ दाते. आखूड चेन डिरेलरला पुढे खेचते, पिंजरा वाकतो, डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो हँगर तुटतो, आणि मग सायकल टेम्पोत घालावी लागते. कुणीही अशा वेळी सूचना देतं: ‘मोठ्या चकतीवर टाकू नका हं, लक्षात ठेवा.’ तुम्ही तसं काही म्हटलं नाहीत. ५ ची ॲलन की काढलीत, पुढच्या डिरेलरची केबल सैल केलीत, तिचं टोक गुंडाळून फ्रेमला टेपने चिकटवलंत. केबल सुटली की स्प्रिंग पिंजऱ्याला छोट्या चकतीवर ओढून धरते, मग शिफ्टर कितीही दाबा, मोठी चकती नाहीच. ३४ अधिक ३४ म्हणजे ६८ दाते, चेन निवांत. लहान टोकाला ११ तेच राहिले, म्हणून तिथेही जास्तीची सैल पडली नाही.

चूक करू नकोस असं बजावण्याऐवजी चूक होऊच शकणार नाही अशी सोय करायची, आणि तीही समोरच्याला कळू न देता. काका, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. मावशींना वर पोहोचेपर्यंत पत्ताही नव्हता की आपल्या सायकलचे निम्मे गिअर काढून घेतलेत. त्यांना फक्त एवढंच कळलं की आज बसूनच चढता येतंय.

आणि तुम्ही? त्यांचं २८ चं चाक लावून सगळ्यांच्या मागून आलात. तुमचा बी-स्क्रू ३४ साठी आत घेतलेला, त्यामुळे गिअर आळसावून पडत होते, तेही नीट करत बसला नाहीत.

हलका गिअर म्हणजे रडीचा डाव असं समजणारे आजचे नाहीत. टूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज त्याच मताचे. १९०३ साली सुरू झालेल्या त्या शर्यतीत डिरेलरला परवानगी मिळायला १९३७ साल उजाडलं. तोवर डोंगराच्या पायथ्याशी जगातले नामांकित सायकलपटू खाली उतरत, मागचं चाक काढत आणि दुसऱ्या बाजूची जास्त दात्यांची चकती चेनखाली येईल असं उलटं लावत. म्हणून घाटात चाक काढण्याची लाज वाटणाऱ्यांनी ही आठवण जवळ ठेवावी.

तुमच्या पडवीतल्या सायकली कुणाकुणाकडे फिरतात हेही माहीत आहे. सीटपोस्टवर तीन रंगांच्या टेपच्या खुणा बघितल्या, तीन चालवणाऱ्यांच्या तीन उंच्या. सायकल वाटून वापरायची तर याहून सोपं काही नाही, तरी कुणी करत नाही. मग उंच माणसाने ठेवलेल्या सीटवर बुटका माणूस कंबर हलवत पॅडल मारतो आणि दोष सायकलला देतो. टाचेपासून जांघेपर्यंतची लांबी गुणिले ०.८८३, एवढं क्रँकच्या (पॅडलच्या दांड्यांच्या) मध्यापासून सीटपर्यंतचं अंतर. ७६ सेंटिमीटरला ६७, ७० ला ६२ च्या जरा खाली.

आणि ती काळी, बिनगिअरची. पुढच्या ४४ दात्यांना मागे १८ चं फ्रीव्हील (मागच्या चाकावरचं दातेचाक) होतं, ते काढून २२ चं घातलंत, म्हणून शाळेचा चढ त्या मुलीला चढता येतो: एका फेरीला साधारण ५.४ मीटरऐवजी ४.४. चेनला दोन कड्या वाढवल्यात, आट्यांना ग्रीस लावलंत (ते न लावलेलं फ्रीव्हील पुढच्या वेळी पान्याला दाद देत नाही). सपाटीवर पाय भिरभिरतील, मैत्रिणी पुढे जातील, हेही तिला आधीच सांगितलंत. फायदा सांगताना तोटाही सांगणारा माणूस दुकानात सापडला असता तर या पत्राची गरज पडली नसती.

मावशींच्या सायकलला आता स्वतःची ११-३४ बसली आहे. सहा दात्यांची वाढ म्हणजे तीन कड्या, जोडीतच वाढवता येतात म्हणून चार. नवी चेन त्या हिशोबाने कापली, पुढची केबलही परत ओढली. तुमचं चाक पुसून, रिम तपासून पाठवतोय. त्यांची जुनी ११-२८ सोबत आहे. अजून चांगली आहे, सोलापूरकडच्या सपाटीवर कुणाला हवी असेल तर देऊन टाका.

आपला,
घाटात तुमच्या पुढे असलेल्यांपैकी एक