तक्रार पत्र: हिरवी खूण दिसत असूनही समुद्रात न फुगलेले लाइफ जॅकेट

प्रति,
प्रमुख, उत्पादन सुरक्षितता व ग्राहक सेवा विभाग

विषय: आपोआप फुगणारे १५० न्यूटन तरंगक्षमतेचे (माणसाला पाण्यावर उचलून धरणाऱ्या बळाचे माप) लाइफ जॅकेट प्रत्यक्ष प्रसंगी न फुगल्याबद्दल, तसेच माहितीपुस्तिकेतील धोकादायक सूचनेबद्दल तक्रार

महोदय,

आपल्या कंपनीची, पाण्यात पडताच आपोआप फुगणारी दोन लाइफ जॅकेट्स माझ्या पतींनी आणि मी तीन वर्षांपूर्वी एकाच वेळी खरेदी केली. गेल्या महिन्यात किनाऱ्यापासून १४ सागरी मैलांवर माझे पती बोटीवरून पाण्यात पडले, तेव्हा त्यांच्या अंगावरचे जॅकेट फुगले नाही. ते सुखरूप आहेत. या घटनेबद्दल मी आपल्या सेवा विभागाला दोनदा लिहिले; त्यावर आलेले चार ओळींचे उत्तर मूळ प्रश्नाला स्पर्शही करत नसल्यामुळे सर्व प्रकार तपशिलासह थेट आपल्यापुढे मांडत आहे.

आम्ही दोघे गेली अकरा वर्षे स्वतःच्या लहान बोटीने खोल समुद्रात मासेमारीसाठी जातो. मी सुकाणू सांभाळते आणि फिशफाइंडरच्या, म्हणजे पाण्याखालचे मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर लक्ष ठेवते, पती गळ, दोर आणि रीळ पाहतात. मासा बोटीजवळ आला की मी इंजिन न्यूट्रलमध्ये घेते आणि ते आकडीने मासा वर ओढतात. कामाची ही वाटणी आम्ही कधी बसून ठरवली नाही, ती वर्षानुवर्षे आपसूक जमत गेली, आणि समुद्रावरचे हे दिवस आम्हा दोघांना फार मोलाचे आहेत. आमच्या बोटीवर तिसरे माणूस कधीच नसते, ही गोष्ट आपण कृपया ध्यानात घ्यावी. दोघांपैकी एक पाण्यात पडला तर बोटीवर एकच उरतो. त्या एकट्याला बोट थांबवायची असते, पाण्यातल्या माणसावरची नजर ढळू द्यायची नसते, रेडिओवरून मदत मागायची असते आणि शेवटी ओल्या कपड्यांनी जड झालेल्या माणसाला वर घ्यायचे असते. ही सगळी कामे एकट्याला एका वेळी करता येत नाहीत. त्यामुळेच केवळ दोरी ओढून फुगणारे साधे जॅकेट न घेता आम्ही आपोआप फुगणारे घेतले.

त्या दिवशी समुद्र फारसा खवळलेला नव्हता, लाटा सुमारे एक मीटरच्या होत्या. दुपारी एक मोठा मासा गळाला लागला आणि जवळजवळ अर्ध्या तासाने बोटीच्या कडेला आला. पती आकडी घेऊन कठड्यावरून वाकले असताना आडव्या लाटेने बोट एकदम कलली आणि ते तोल जाऊन पाण्यात पडले. मी प्लॉटरवरचे (बोटीची जागा नकाशावर दाखवणाऱ्या यंत्रावरचे), माणूस पडल्याची जागा नोंदवणारे बटण दाबले आणि तरंगते कडे त्यांच्या दिशेने फेकले, परंतु वाऱ्याने बोट बाजूला सरकत होती आणि कडे त्यांच्यापासून बरेच दूर पडले. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे काही सेकंदांत जॅकेट फुगेल, या भरवशावर मी त्यांच्याकडे पाहत होते. ते फुगले नाही. त्यांनी डोके वर येताच हाताने ओढायची दोरी ओढली, मग पुन्हा ओढली. तरीही ते फुगले नाही.

जॅकेट न फुगल्याने केवळ तरंगण्याचा आधारच जातो असे नाही. डोळ्यांत भरणारा पिवळा फुगा, त्यावरची चमकणारी पट्टी, शिटी आणि पाण्यात पेटणारा दिवा हे सारे आपल्या जॅकेटच्या गडद आवरणाच्या घडीत असते आणि जॅकेट फुगल्याशिवाय बाहेर येत नाही. माझे पती मला केवळ लाटेच्या माथ्यावर आले की दिसत होते, लाट उतरली की दिसेनासे होत होते. तोंडाने फुगवायची नळी असते हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. पण पाणी थंड होते, आणि थंड पाण्यात अचानक पडलेल्या माणसाला पहिली काही मिनिटे स्वतःची धापच आवरत नाही, तर तो आवरणाची घडी उघडून नळीत फुंकणार कसा? रेडिओच्या चॅनेल १६ वर हाक देण्यासाठी मला मान वळवावी लागली असती. मी ती वळवली नाही. बोट फिरवून त्यांच्याजवळ नेली, पंख्याने इजा होऊ नये म्हणून इंजिन पूर्ण बंद केले, दोर त्यांच्या हातात दिला आणि मागच्या शिडीवरून ते कसेबसे वर आले. प्लॉटरच्या नोंदीनुसार या सगळ्याला अकरा मिनिटे लागली. ते उत्तम पोहणारे आहेत आणि पडताना त्यांच्या डोक्याला मार लागला नव्हता, एवढ्यावरच ते वाचले. १५० न्यूटनचे जॅकेट घ्यायचे ते बेशुद्ध माणसालाही उताणे करून त्याचे तोंड पाण्याबाहेर राखावे म्हणून. कठड्यावर डोके आपटले असते तर त्या जॅकेटचा त्यांना काडीचाही उपयोग झाला नसता.

परतल्यावर आम्ही जॅकेट उघडून पाहिले आणि प्रत्येक पायरीचे छायाचित्र घेतले. पाण्यात विरघळणारी गोळी विरघळलेली होती, स्प्रिंग सुटलेली होती आणि जॅकेटवरच्या लहान पारदर्शक खिडकीतली खूण हिरव्याची लाल झालेली होती. दोरी ओढल्यावर तुटणारी लहान हिरवी चाप तुटलेली होती. म्हणजे आपोआप चालणारी आणि हाताने चालणारी, अशा दोन्ही यंत्रणांनी आपापले काम केले होते. तरीही ३३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर भरलेलाच होता; त्याच्या तोंडावरच्या पातळ पत्र्यावर साधा ओरखडाही नव्हता आणि वजन केले असता ते सिलिंडरवर कोरलेल्या एकूण वजनाशी तंतोतंत जुळले. याचे कारण सिलिंडर आपल्या जागी घट्ट नव्हता, हे होय. तो हाताने फिरवून बसवताना दीड फेरा आत गेला. एवढे अंतर राहिल्यामुळे, पत्रा टोचून वायू जॅकेटमध्ये सोडणारी सुई पत्र्यापर्यंत पोहोचलीच नाही.

येथे मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. आपल्या जाहिरातीत आणि पुस्तिकेत हे जॅकेट "आपोआप आणि हाताने, अशा दोन स्वतंत्र पद्धतींनी" फुगते असे म्हटले आहे. प्रत्यक्षात या दोन्ही पद्धतींचा शेवट त्याच सिलिंडरच्या पत्र्यावर होतो. सिलिंडर सैल असेल तर दोन्ही एकदमच निकामी होतात. त्यांना स्वतंत्र म्हणणे खरे नाही, आणि ज्याचा जीव त्या शब्दावर अवलंबून आहे त्याच्या दृष्टीने ही चूक लहान नाही.

आपल्या सेवा विभागाचे म्हणणे असे की सिलिंडर घट्ट आहे की नाही हे पाहणे वापरणाऱ्याची जबाबदारी आहे, सबब यात उत्पादनाचा दोष नाही. पुस्तिकेचे नववे पान आपण स्वतः वाचावे अशी माझी विनंती आहे. निघण्यापूर्वीच्या तपासणीबद्दल तेथे एकच वाक्य आहे: खिडकीतली खूण हिरवी असल्यास जॅकेट वापरण्यास सज्ज आहे. बोट सोडण्याआधी आम्ही दोघे समोरासमोर उभे राहतो, मी त्यांच्या जॅकेटची खूण पाहते, ते माझ्या जॅकेटची पाहतात, मग मांड्यांमधून जाणारे पट्टे आवळतो. ही जॅकेट्स घेतल्यापासून हे एकदाही चुकलेले नाही. त्या सकाळीही त्यांची खूण हिरवीच होती, मी स्वतः पाहिली होती. पण ती खूण यंत्रणा अजून सुटलेली नाही एवढेच सांगते. सिलिंडर घट्ट आहे की नाही याच्याशी तिचा काही संबंध नाही. बोटीचे हादरे, जॅकेट वारंवार घालणे, काढणे आणि घडी करून ठेवणे यांमुळे असे सिलिंडर हळूहळू सैल होऊ शकतात, हे हा व्यवसाय करणाऱ्यांना नवीन नाही. असे असताना आवरण उघडून सिलिंडर हाताने आवळून पाहावा, ही सूचना आपण पुस्तिकेच्या शेवटी, वार्षिक देखभालीच्या प्रकरणात बारीक अक्षरांत दिलेली आहे.

वार्षिक देखभालीचे म्हणाल तर तीही आम्ही चुकवलेली नाही. दोन्ही जॅकेट्स या घटनेच्या केवळ चार महिने आधी आपल्याच अधिकृत सेवा केंद्रातून तपासून आली होती आणि तपासणीचा शिक्का व पुढील तारीख दोन्हींवर आहे. तेथे सिलिंडर व्यवस्थित आवळला होता की नाही, हे मला सांगता येणार नाही. ते आपणच शोधून काढायला हवे. पतींचे जॅकेट पाहून झाल्यावर मी माझेही उघडले, आणि त्याचा सिलिंडर अर्धा फेरा सैल निघाला. त्या दिवशी पती पाण्यात पडले. मी पडले असते तर काय झाले असते, या विचाराने मला अजूनही रात्री जाग येते. एकाच वेळी घेतलेल्या आणि एकाच केंद्रात तपासलेल्या दोन जॅकेट्सपैकी दोन्हींत तोच प्रकार आढळतो, तेव्हा तो आमचा निष्काळजीपणा ठरवून प्रकरण बंद करणे आपल्याला शोभत नाही.

आपल्याकडे माझी पहिली मागणी पैशांची नाही. हे मॉडेल घेतलेल्या प्रत्येक ग्राहकाला आपण तातडीने लेखी कळवावे की हिरवी खूण दिसत असली तरी आवरण उघडून सिलिंडर घट्ट असल्याची प्रत्येक वेळी खात्री करावी. पुस्तिकेतले नवव्या पानावरचे वाक्य बदलावे आणि "दोन स्वतंत्र पद्धती" हे शब्द जाहिरातीतून काढावेत. सिलिंडर सैल असला की लाल होईल अशी खूण इतर काही जॅकेट्समध्ये उपलब्ध आहे. आपल्या पुढील मॉडेलमध्ये ती का नसावी, याचेही उत्तर मला हवे आहे. सेवा केंद्रातील तपासणीच्या नोंदीची प्रत मिळावी, आणि दोन्ही जॅकेट्सची पूर्ण किंमत परत मिळावी. ती अंगात घालून समुद्रात जाण्याचा विश्वास आता आमच्यात उरलेला नाही.

पतींचे जॅकेट, न फुटलेला सिलिंडर आणि तुटलेली चाप मी आहे त्या स्थितीत पिशवीत सीलबंद करून ठेवली आहे. आपला प्रतिनिधी आमच्या समक्ष ती तपासू शकतो. परंतु त्रयस्थ तज्ज्ञाचा अहवाल मिळाल्याशिवाय यातील एकही वस्तू मी आपल्या ताब्यात देणार नाही. खरेदीची पावती, सेवा केंद्राच्या शिक्क्याचे, पुस्तिकेच्या नवव्या पानाचे आणि सिलिंडरच्या वजनाचे छायाचित्र तसेच प्लॉटरची नोंद सोबत जोडली आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी ही सर्व कागदपत्रे ग्राहक संरक्षण यंत्रणेकडे आणि सागरी सुरक्षेचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांकडे देणार आहे.

ग्राहकांना कळवण्याच्या कामासाठी मात्र कृपया त्या पंधरा दिवसांची वाट पाहू नये. येत्या रविवारीही कोणीतरी दोघे हीच जॅकेट्स घालून, एकमेकांची हिरवी खूण पाहून निघणार आहेत.

आपली,
एक ग्राहक

सोबत: वरीलप्रमाणे कागदपत्रे व छायाचित्रे